परदेशी सप्लायरकडून लष्करी गणवेश मागवताना: कायद्यापासून कंटेनर उघडेपर्यंत

गणवेश बाहेरून आणायचा की देशातल्याच कारखान्यात शिवून घ्यायचा हा विषय निघाला की लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो बाहेर स्वस्त पडतं, दुसरा म्हणतो सैनिकाच्या अंगावर परक्या देशाचं कापड नकोच, आणि गंमत म्हणजे कापड हातात घेऊन बघितलेलं दोघांपैकी कोणीच नसतं. मी बरीच वर्षं कापड आणि तयार कपड्यांच्या तपासणीत काढलीत, दोन्हीकडचा माल बघितलाय, आणि माझं मत आता अगदी पक्कं झालंय: बाहेरून घ्यायला हरकत नाही, पण नमुना, कापडाची टेस्ट आणि डिझाइनची मालकी या तीन गोष्टी आपल्या हातात राहिल्या पाहिजेत. त्यातली एक जरी सप्लायरच्या हातात गेली तरी भोगावं लागतं ते फाइलवर सही करणाऱ्याला नाही, तो कपडा घालून रात्रभर उभं राहणाऱ्याला. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, खरेदी विभागात नवीन आलेल्यांना आणि टेंडर भरणाऱ्यांना दोघांनाही उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी: बाहेर जायचंय कशासाठी?

हे एका ओळीत लिहून काढा. कारणं साधारण तीनच असतात. देशातल्या कारखान्यांची तेवढी क्षमता नाही, किंवा हवं ते कापड देशात बनतच नाही (आगरोधक कापड, कडाक्याच्या थंडीचे थर असलेले कपडे, पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणारं मेंब्रेन वगैरे), किंवा मग फक्त किंमत. पहिली दोन कारणं असतील तर पुढे चला. फक्त किंमत हे कारण असेल तर आधी माल आपल्या गोदामात पोचेपर्यंतचा पूर्ण खर्च मांडा: कोटेशनवरची किंमत, भाडं, विमा, कस्टम ड्युटी, बँकेचे चार्जेस, लॅब टेस्ट, तपासणीला माणसं पाठवायचा खर्च, रिजेक्ट निघणारा माल, करार झाल्यापासून पैसे देईपर्यंत चलनाचा दर हलला तर त्याचा फरक, आणि उशीर झालाच तर हाताशी असावा म्हणून ठेवायचा जास्तीचा साठा. हा शेवटचा आकडा बहुतेक लोक धरतच नाहीत, आणि तो धरला की "बाहेर स्वस्त" मधला बराचसा स्वस्तपणा निघून जातो.

कायदा आधी वाचा, कोटेशन नंतर

बऱ्याच देशांत लष्करी कपड्यांच्या खरेदीवर देशी मालाची अट असते, कुठे कायद्याने तर कुठे धोरणाने. सगळ्यात कडक आणि सगळ्यात माहितीचं उदाहरण अमेरिकेचं, तिथला बेरी अमेंडमेंट हा कायदा १९४१ पासून आहे आणि त्यात नुसती शिलाई देशात असून भागत नाही, धागा, कापड, शिलाई सगळं देशातलंच लागतं, काही ठरावीक अपवाद सोडून. म्हणजे आपल्याकडच्या नियमात "देशी" शब्द दिसला की तो नेमका कुठल्या टप्प्याला लागू आहे ते आधी विचारा, सुताला, कापडाला का फक्त शिलाईला.

नियमातून सूट मिळते म्हणून निर्धास्त राहू नका. ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल एरिक शिन्सेकी यांनी जाहीर केलं की सगळ्या लष्कराला काळी बेरे टोपी द्यायची, आणि मुदत ठेवली १४ जून २००१, लष्कराचा वर्धापनदिन. एवढ्या कमी वेळात एवढ्या टोप्या देशात बनणं शक्यच नव्हतं, मग बेरी अमेंडमेंटमधून सूट घेतली आणि बाहेरच्या देशांना ऑर्डर गेल्या, त्यात चीनही होता. अमेरिकेच्या संसदेत (काँग्रेसमध्ये) गदारोळ झाला आणि मे २००१ मध्ये ठरलं की चिनी बनावटीच्या टोप्या वापरायच्याच नाहीत, सहा लाखांच्या आसपास टोप्या, पैसे मोजून घेतलेल्या, तशाच बाजूला पडल्या. टोपीत काही दोष होता अशी ती तक्रारच नव्हती. मुदत आधी ठरली आणि सोर्स नंतर शोधला, सगळं तिथून बिघडलं. त्यामुळे परवानगी लेखी घ्या, कुठल्या देशाचा माल चालणार नाही हे वरिष्ठांकडून आधीच लिहून घ्या, आणि वर्धापनदिनाच्या तारखेवरून उलटं वेळापत्रक कधीच लावू नका.

पूर्ण गणवेशच बाहेरून हवा असं कुठे आहे?

सूत, विणाई, रंगाई-छपाई, शिलाई, बटण-चेन-वेल्क्रो, या सगळ्या वेगवेगळ्या साखळ्या आहेत. माझा अनुभव असा की अडचण बहुतेक वेळा कापडात असते, शिलाईत फार कमी. मग कापड बाहेरून आणून शिलाई देशात करा, म्हणजे मापात बदल, दुरुस्ती, अचानक लागलेले जास्तीचे जोड हे सगळं हाताशी राहतं, आणि अवघड वेळ आली तर निदान शिवणारे हात तरी आपल्याकडे असतात. परेडचा गणवेश, मोजे, बनियन, टी-शर्ट असल्या वस्तूंसाठी बाहेर जायचं कारण मला तरी सहसा दिसत नाही.

स्पेसिफिकेशन, आणि इथेच घाई करायची नाही

"चांगल्या दर्जाचं कॅमोफ्लाज कापड" असं लिहिलेलं टेंडर मी स्वतः वाचलंय. असं लिहिलं की सप्लायर काहीही देऊ शकतो आणि तुम्ही काहीच नाकारू शकत नाही. कापडाचं नाव नाही, आकडे लिहा. धागा कुठला आणि किती टक्के (लढाऊ गणवेशात निम्मं नायलॉन निम्मं कॉटन हे मिश्रण खूप चालतं), विण कुठली (रिपस्टॉप म्हणजे ठरावीक अंतरावर जाड धाग्यांची चौकट असते, त्यामुळे फाटलं तरी चीर पुढे पळत नाही), दर चौरस मीटरला वजन किती ग्रॅम, उभ्या आणि आडव्या धाग्याची ताकद किती, धुतल्यावर किती टक्क्यांपर्यंत आटलं तर चालेल. प्रत्येक आकड्यापुढे टेस्टची पद्धत लिहा, नाहीतर सप्लायरची लॅब एका पद्धतीने मोजते, तुमची दुसऱ्या, आणि दोघंही खरंच बोलत असतात. आयएसओ ही आंतरराष्ट्रीय मानकं: ताकदीसाठी आयएसओ १३९३४-१, आटण्यासाठी आयएसओ ५०७७ आणि धुण्याची पद्धत आयएसओ ६३३०, रंग पक्का आहे का यासाठी आयएसओ १०५ ही मालिका, त्यात धुलाईला सी०६, घासण्याला एक्स१२, उजेडाला बी०२, घामाला ई०४. हे आकडे टेंडरमध्ये घातले की निम्मे कच्चे सप्लायर आपोआप गळतात.

आता इन्फ्रारेड. रात्री बघायच्या दुर्बिणीतून दिसतो तो प्रकाश आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या लाल रंगाच्या थोडा पुढचा. हिरवी पानं त्या पट्ट्यात एकदम जास्त प्रकाश परत टाकतात, ७०० नॅनोमीटरच्या आसपास त्यांचा आलेख सरळ वर चढतो. साध्या रंगाने छापलेलं कापड दिवसा अगदी झाडीसारखं दिसेल पण दुर्बिणीत त्याचे सगळे रंग एकच होतात, पॅटर्न गायब, माणसाच्या आकाराचा एक सपाट ठिपका. म्हणून पॅटर्नमधल्या प्रत्येक रंगाला वेगळी मर्यादा द्यावी लागते, कुठल्या तरंगलांबीला किती टक्के प्रकाश परत आला पाहिजे ती, आणि ती मर्यादा नव्या कापडाला एकदा आणि ठरावीक धुलाईनंतर परत एकदा तपासायची. कॉटनच्या भागावर त्यासाठी व्हॅट डाय (पक्क्या रंगांचा एक प्रकार) वापरतात, ते महाग असतात, आणि किमतीवर घासाघीस वाढली की कात्री पहिल्यांदा तिथेच लागते, कारण डोळ्याला फरक दिसत नाही.

आगीचं पण इथेच ठरवा. नायलॉन-पॉलिस्टर जळताना वितळून कातडीला चिकटतं. याच कारणामुळे २००६ मध्ये इराकमधल्या अमेरिकन मरीन सैनिकांना तळाबाहेर जाताना पॉलिस्टर-नायलॉनचे स्पोर्ट्स कपडे घालायला बंदी केली होती. रणगाडा, हेलिकॉप्टर, इंधनाची वाहनं यांच्या क्रूला वेगळं आगरोधक कापडच लागतं, आयएसओ १५०२५ ची टेस्ट आणि आयएसओ ११६१२ ची पातळी लिहा, आणि सर्टिफिकेट मालासोबतच्या बॅचचं मागा, तीन वर्षांपूर्वीचं चालणार नाही.

पॅटर्न कोणाच्या मालकीचा?

हा प्रश्न विचारायचा राहून जातो. अमेरिकेच्या पैशाने अफगाण लष्कराला जे गणवेश दिले गेले त्यासाठी २००७ मध्ये एका खाजगी कंपनीच्या मालकीचा जंगली पॅटर्न निवडला गेला, तेव्हाच्या अफगाण संरक्षणमंत्र्यांना तो दिसायला आवडला म्हणून. अमेरिकेची सिगार ही अफगाणिस्तानच्या खर्चावर लक्ष ठेवणारी तपास यंत्रणा, तिने जून २०१७ च्या अहवालात लिहिलं की त्या देशात जंगल फक्त २.१ टक्के, तो पॅटर्न तिथे उपयोगी आहे का हे कोणी तपासलंच नव्हतं, आणि अमेरिकेकडे आधीपासून असलेले पॅटर्न सोडून हा घेतल्यामुळे २.८ कोटी डॉलरपर्यंत जास्त खर्च झाला असावा. खाजगी मालकीचा पॅटर्न घेतला की दर वेळी त्याच दारात जावं लागतं. तेव्हा पॅटर्न आपल्या नावावर रजिस्टर असावा, छपाईच्या फाइल आणि रंगांचे कोड आपल्याकडे असावेत, आणि करारात स्पष्ट लिहा की काम संपल्यावर छपाईचे स्क्रीन किंवा रोलर परत द्यायचे नाहीतर आपल्या माणसासमोर नष्ट करायचे, उरलेलं कापड आणि रिजेक्ट जोड यांचाही मीटरमध्ये आणि नगात हिशोब द्यायचा. हे लिहिलं नाही तर तुमच्याच पॅटर्नची जॅकेटं उद्या उघड्या बाजारात कोणीही विकत घेईल, आणि गणवेश बघून गेट उघडणाऱ्या पहारेकऱ्यासाठी ही गोष्ट साधी नाही.

मापं

सप्लायरचा तयार साइज चार्ट घेऊ नका. प्रत्येक लोकसंख्येचं अंग वेगळं, एकाच छातीच्या मापाला हाताची आणि पायाची लांबी निराळी, आणि महिलांसाठी पुरुषांचंच माप लहान करून दिलं की खांदा लोंबतो आणि कंबर अडते. आपल्याच माणसांची मापं घ्या, सगळ्यांची शक्य नसेल तर वेगवेगळ्या युनिटमधून निवडून, मग कुठला साइज किती नग हे ठरवा आणि शिलाईआधी प्रत्येक साइजचा एक जोड मागवून खऱ्या माणसाला घाला. त्याला गुडघ्यावर बसवा, पाठीवर पिशवी द्या, हात वर करायला सांगा. पँटच्या आसनाची शिवण आणि काखेचा मुंडा, दोन्ही तिथल्या तिथे कळतात.

सप्लायर निवडताना

कॅटलॉग आणि सर्टिफिकेटं सगळ्यांकडे असतात, कारखाना बघायला जा. मशीन मोजा, दिवसाचं उत्पादन विचारा, आणि तुमची ऑर्डर भागिले ते उत्पादन असा साधा हिशोब तिथेच करा. हिशोबात बसत नसेल तर काम दुसऱ्या कोणालातरी वाटून जाणार, आणि त्या दुसऱ्याचं नाव तुम्हाला कधीच कळणार नाही. बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा कोसळून ११०० च्या वर कामगार गेले, तेव्हा ढिगाऱ्यात लेबलं सापडेपर्यंत काही ब्रँडना आपला माल तिथे शिवला जातोय हे नीट सांगताही येत नव्हतं. ज्या कपड्यात आपला माणूस देशासाठी उभा राहणार तो असल्या इमारतीत शिवला जाऊ नये, एवढी काळजी आपण घेतलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. लेखी परवानगीशिवाय उपकंत्राट नाही ही अट घाला आणि न सांगता भेट द्यायचा हक्क राखून ठेवा.

सीलबंद नमुना

क्रम असा: आधी लॅब डिप, म्हणजे प्रत्येक रंगाचा छोटा तुकडा, मग स्ट्राइक-ऑफ, म्हणजे छापलेल्या कापडाचा चाचणी तुकडा, मग साइज सेट, म्हणजे प्रत्येक साइजचा एक जोड, मग खऱ्या कापडात खऱ्या लाइनवर शिवलेला प्री-प्रॉडक्शन नमुना. तो मंजूर झाला की तीन जोड सील करायचे, सही-शिक्का-तारखेसह, एक आपल्याकडे, एक सप्लायरकडे, एक तपासणी एजन्सीकडे. नंतरचा प्रत्येक वाद या तीन पाकिटांवर सुटतो.

एका कामाची गोष्ट सांगतो. माल आला, शेड म्हणजे रंगाची छटा बघितली, दिवसाच्या उजेडात सगळं ठीक, लाइट बॉक्समध्ये (रंग तपासायच्या दिव्यांच्या पेटीत) ट्यूबलाइटखाली पण ठीक. एक जॅकेट मात्र पिवळ्या बल्बखाली ठेवल्यावर डावी बाही जरा तांबूस वाटली. दिवा बंद करून दुर्बिणीतून बघितलं तर ती बाही उरलेल्या जॅकेटपेक्षा सरळ उजळ दिसत होती, जणू कोणी एका हातावर वेगळं कापड गुंडाळलंय. आत शिवणीपाशी चिकटलेली नंबरची चिठ्ठी बघितली तर अंग एका ताग्याचं आणि बाही दुसऱ्या रंगाईच्या ताग्याची. कटिंग टेबलवर तागे मिसळले होते एवढंच. मग जवळजवळ चारशे जॅकेटं एकेक करून अंधारात बघावी लागली. त्या दिवसापासून मी स्पेसिफिकेशनमध्ये दोन ओळी घालतोच: एका कपड्याचे सगळे भाग एकाच रंगाई लॉटचे (एकत्र रंगवलेल्या कापडाचे) असावेत, आणि शेडची तपासणी तीन प्रकारच्या दिव्यांखाली आणि इन्फ्रारेडमध्येही व्हावी.

करार आणि पैसे

इन्कोटर्म्स २०२० (आंतरराष्ट्रीय व्यापारात खर्च आणि जोखीम कोणाची ते ठरवणाऱ्या अटी) मधली कुठली अट ते ठिकाणाच्या नावासह लिहा. एफओबी घेतलं तर जहाजावर माल चढल्यापासून जोखीम तुमची, डीडीपी घेतलं तर ड्युटीसकट दारापर्यंत सप्लायरची. लेटर ऑफ क्रेडिट (ठरलेले कागद दिले की सप्लायरला पैसे द्यायची बँकेची हमी) उघडताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, बँक कागद बघते, माल बघत नाही, यूसीपी ६०० या लेटर ऑफ क्रेडिटच्या नियमावलीच्या कलम ५ मध्ये हेच लिहिलंय. कागद बरोबर असले की खोक्यात चिंध्या असल्या तरी पैसे सुटतात. म्हणून लागणाऱ्या कागदांच्या यादीत आपण नेमलेल्या एजन्सीचं तपासणी सर्टिफिकेट घालायलाच हवं, आणि थोडी रक्कम माल आपल्या गोदामात तपासून होईपर्यंत रोखून ठेवा. परफॉर्मन्स गॅरंटी (काम कराराप्रमाणे झालं नाही तर वसूल करायची हमी), उशिराचा आठवड्याला ठरावीक दंड, रिजेक्ट माल कोणाच्या खर्चाने परत जाणार, आणि वाद झाल्यास कुठल्या देशाचा कायदा, हे सगळं सही व्हायच्या आधी.

किमतीचे कागद दोन्ही टोकांचे मागा, तिकडच्या निर्यातीचे आणि इकडच्या आयातीचे. ऑगस्ट २०२३ मध्ये युक्रेनमध्ये तुर्कीहून आलेल्या लष्करी जॅकेटांवरून मोठा वाद झाला, निघताना दाखवलेली किंमत आणि पोचल्यावरची किंमत यात मोठी तफावत असल्याचा आणि थंडीच्या नावाने उन्हाळी जॅकेटं आल्याचा आरोप पत्रकारांनी केला. संरक्षणमंत्री ओलेक्सी रेझनिकोव्ह यांनी आरोप नाकारले, पण सप्टेंबरमध्ये त्यांचं पद गेलं. दोन्ही कागद पहिल्या दिवसापासून फाइलला असले तर असल्या प्रश्नाला उत्तर देता येतं.

तपासणी

तीनदा करायची, कापड आल्यावर, शिलाई चालू असताना, आणि पॅकिंग झाल्यावर. कापडाला फोर-पॉइंट सिस्टिम (दोषाच्या आकाराप्रमाणे एक ते चार गुण द्यायची पद्धत) लावा. तयार कपड्यांना आयएसओ २८५९-१ (लॉटमधून किती नग काढून तपासायचे ते ठरवणारं मानक), उदाहरणार्थ ५००० जोडांचा लॉट असेल तर सर्वसाधारण पातळी दोनला २०० जोड काढायचे, आणि मोठ्या दोषांसाठी एक्यूएल (चालवून घ्यायच्या दोषांची मर्यादा) २.५ धरला तर १० दोषांपर्यंत लॉट पास, ११ वा सापडला की नापास. पण जीवावर बेतणारे दोष, म्हणजे तुटलेली सुई कपड्यात राहणं, आगरोधक कपड्यात साधा धागा वापरणं, इन्फ्रारेडला नापास होणं, यांना शून्य. खोकी आपल्या माणसाने निवडायची, सप्लायरने पुढे केलेली घ्यायची नाहीत.

वाहतूक

समुद्रमार्गे येणाऱ्या कंटेनरमध्ये दमट हवेने बुरशी धरते, कापड पॅक करताना कोरडं हवं आणि खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या हव्यात. मागावर विणलेल्या कापडाचे कपडे एचएसच्या (कस्टमच्या जागतिक माल-कोड यादीच्या) ६२ व्या प्रकरणात येतात आणि निटिंगचे ६१ व्या, चुकीचा कोड टाकला की माल बंदरात अडकतो. वेळापत्रकात मोकळी जागा ठेवा. मार्च २०२१ मध्ये एक जहाज सुएझमध्ये आडवं झालं आणि सहा दिवस वाट बंद राहिली, आणि २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे कित्येक जहाजांना केप ऑफ गुड होपला वळसा घालावा लागला, त्यात दहा-बारा दिवस सहज वाढतात. थंडीचे कपडे थंडीनंतर येऊन काय करायचे?

दुसरा सोर्स

पूर्ण ऑर्डर एका परदेशी कारखान्याला देऊ नका. काही भाग, थोडा महाग पडला तरी, देशातल्या कारखान्याला त्याच स्पेसिफिकेशनवर द्या, म्हणजे तिथले कटर, कारागीर, मशीन आपल्या कपड्याला सरावलेले राहतात. युद्ध सुरू झाल्यावर किंवा तिकडच्या सरकारने निर्यात थांबवल्यावर नवीन लाइन उभी करायला महिने जातात, आणि गणवेश काही वर्षानुवर्षं पुरत नाही, फील्डमधला जोड तर फार लवकर विटतो आणि फाटतो.

माल वाटताना प्रत्येक जोडावर आपल्या भाषेतलं धुण्याचं लेबल असू द्या. पांढरेपणा वाढवणाऱ्या पावडरी नकोत, त्यातले चमक आणणारे घटक कापडावर बसतात आणि अंधारात तो कपडा वेगळा उठून दिसायला लागतो, स्टार्च आणि कडक इस्त्रीही नको. नवीन भरती झालेला पोरगा हौसेने कडक इस्त्री करतो, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. पहिल्या वाटपानंतर तीन महिन्यांनी युनिटमध्ये जाऊन वापरलेले वीस-तीस जोड परत मागून घ्या, सीलबंद नमुन्याशेजारी टेबलावर पसरा, गुडघे, कोपर, आसन, खिशांचे कोपरे बघा, एक जोड लॅबला पाठवा आणि जे निघेल ते पुढच्या टेंडरच्या स्पेसिफिकेशनमध्ये घाला.